'ते' फोटोतले आणि 'हे' माझे वडील

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कारगिल विजय दिवसाच्या निमित्ताने आपल्या पेपरात वीरपत्नींवर अख्खं पान आलं होतं ते वाचलं. आधी सांगतो की पान चांगलं होतं, फोटो चांगले होते, आणि गावोगाव फिरून माणसं शोधायला कष्ट लागतात हे मला कळतं, मी एसटीत कंडक्टर आहे, फिरण्यातच आयुष्य गेलं. पण त्या पानावर चार बायकांची माहिती होती आणि चौघींच्या माहितीत थोड्याफार फरकाने एकच वाक्य होतं, की पुन्हा लग्नाचा विचारही त्यांनी मनाला शिवू दिला नाही. एकीच्या बाबतीत असेल, दोघींच्या असेल, पण चौघींच्या? आणि समजा असला, तरी ते एवढं ठळक करून छापायचं कारण काय? म्हणजे ज्यांनी केलं त्यांचं काय, त्या वीरपत्नी नाहीत का? हा प्रश्न मी स्वतःच्या घरासाठी विचारतोय. माझ्या आईने केलं.

माझे थोरले काका १९७१ च्या लढाईत गेले. मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात. माझी आई त्यांची बायको. आणि माझे वडील म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. वाचताना गोंधळ होतोय ना, शाळेत आमच्या मास्तरांचाही व्हायचा. मी आणि माझी मोठी बहीण एकाच घरातून, एकाच डब्यात भाकरी घेऊन शाळेत जायचो, आडनाव एक, आई एक, पण मधलं नाव वेगळं. तिच्या नावात थोरल्या काकांचं नाव आणि माझ्या नावात वडिलांचं. दरवर्षी नवीन मास्तर आले की हजेरीला थांबायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, तुम्ही सख्खे का चुलत? आक्का चटकन म्हणायची, "सख्खे." मी आपला गप्प.

आमच्या घरात कोणी कोणाचं नाव घेत नाही. आई जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव घेणार नाही, आणि तिला तर दोन नावं न घ्यायची. मग तिने आपोआप एक सोय करून घेतली. 'ते' म्हणजे फोटोतले आणि 'हे' म्हणजे माझे वडील. "त्यांना वांगं आवडायचं न्हाय, ह्यांना रोज दिलं तरी चालतंय." असं बोलणं आम्ही लहानपणापासून ऐकलं, आम्हाला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. बाहेरून नवीन सून आली की तिला वर्ष लागायचं समजायला.

आता जरा मागून सांगतो. आईचं लग्न १९७० च्या मे महिन्यात झालं, ती सतरा वर्षांची. काका रजेवर आले होते, रजेतच लग्न, रजा संपली की परत. लग्नानंतर ते ४६ दिवस होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परत आले, तिकडे पूर्व पाकिस्तानात मार्चपासूनच पेटलेलं होतं, त्यामुळे रजा पुरी झालीच नाही, ताबडतोब हजर व्हा म्हणून तार आली आणि ४२ दिवसांनी गेले. एकूण ८८. आईने हे दिवस कुठे लिहून ठेवलेले नाहीत, तिला लिहिता येतच नव्हतं तेव्हा, पण तोंडपाठ आहेत. कोणत्या दिवशी पाऊस झाला, कोणत्या दिवशी बाजाराला गेले, सगळं. त्या ८८ दिवसांनंतर पत्रं. पत्त्यात गाव नाही, जिल्हा नाही, फक्त नंबर, नाव, पलटण आणि केअर ऑफ ९९ एपीओ. आजी विचारायची हे नव्व्याण्णव एपीओ गाव कुठल्या बाजूला आलं, आणि शाळेतले गुरुजी जे पत्र वाचून दाखवायचे ते सांगायचे की गाव नाही आजी, पोस्टाचा आकडा आहे, कलकत्त्याकडून जातं. आजीला ते कधी पटलं नाही. तिच्या हिशेबाने मुलगा नव्व्याण्णव नावाच्या गावाला होता.

लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली. आमच्याकडे ट्रान्झिस्टर नव्हता, सरपंचांकडे होता, तो संध्याकाळी चावडीवर आणून ठेवायचे आणि सगळं गाव बातम्या ऐकायचं. आमचा सातारा जिल्हा फौजेचा, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव तर तुम्हाला माहीतच असेल, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले. आमचं गाव तेवढं मोठं नाही पण त्या डिसेंबरात गावातले सात जण सीमेवर होते, त्यामुळे बातम्यांना सात घरं पुढे बसायची आणि बाकीचे मागे. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार कैदी, आणि गावात दिवाळी झाली. आबांनी म्हणजे माझ्या आजोबांनी दुकानातून साखर आणून वाटली. माझे वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे, त्यांनी गुलाल उधळला, लेझीम खेळले, आईला आठवा महिना होता ती दारातून बघत होती.

तार २१ तारखेला आली. पोस्टमनला इंग्रजी येत नव्हतं पण कसली तार आहे हे त्याला माहीत होतं, तो घराकडे आलाच नाही, सरळ गुरुजींकडे गेला. त्यात तारीख होती ११ डिसेंबर. म्हणजे साखर वाटली तेव्हा त्यांना जाऊन पाच दिवस झाले होते. माझ्या वडिलांनी हे मरेपर्यंत मनातून काढलं नाही. गणपतीत, शिमग्याला, कोणाच्या वरातीत, कधीही कोणी त्यांना गुलाल लावायला आलं की ते हात धरायचे. एकदाच बोलले माझ्याजवळ, "मी गुलाल उधळला तवा दादा पाच दिवसाचा गेलेला." बस, एवढंच.

मृतदेह आला नाही. हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. आता टीव्हीवर बघतो आपण, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते, सगळा तालुका लोटतो, मंत्री येतात, बंदुकीची सलामी होते. हे सगळं कारगिलपासून, १९९९ पासून सुरू झालं. त्या आधीच्या लढायांत, ६२ असो ६५ असो ७१ असो, जवान जिथे पडला तिथेच जवळपास त्याच्या पलटणीने त्याला अग्नी द्यायचा, आणि घरी यायची तार, मग मागाहून ट्रंक. आमच्याकडे ट्रंक मार्च महिन्यात आली. काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत घोंगडी, दोन शर्ट, दाढीचं सामान, आईची पत्रं म्हणजे गुरुजींच्या हस्ताक्षरातली, आणि एक हिरवी लोकरीची जर्सी. सामानाची यादी होती, आबांनी तिच्यावर अंगठा दिला. तोपर्यंत आक्का जन्माला आली होती, दीड महिन्याची होती.

मधल्या काळात दहावं झालं. देह नाही तर दहावं कसलं, पण भटजींनी तार आली त्या दिवसापासून दिवस मोजले आणि नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवला नाही. दुपार झाली तरी नाही. आबांनी हात जोडून सांगितलं, सुनेचं बघतो, पोटातल्याचं बघतो, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला आणि सगळे घरी आले. बाकीच्यांनी त्याचा अर्थ लावला की जीव अडकलाय. माझ्या आजीने वेगळाच लावला, ती म्हणाली कावळा शिवला नाही म्हणजे माझा लेक जिता हाय, तार चुकली. आणि ती पुढे जवळजवळ दोन वर्षं हेच धरून बसली. तिने आईला कुंकू पुसू दिलं नाही. बायका येऊन सांगायच्या आणि आजी त्यांना हाकलायची. आई सांगते, "मला कळंना मी सवाशीण का विधवा. हळदी-कुंकवाला कोण बोलवत न्हाई आणि घरात सासू कुंकू लाव म्हणती."

ही काही फक्त आमच्या आजीची गोष्ट नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडलं, त्यांची बायको दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बेपत्ता म्हणून जी ७१ ची ५४ नावं आहेत त्यात ते आहेत. त्या बाईंनी किती वर्षं दिल्लीच्या पायऱ्या झिजवल्या, नातेवाइकांचं शिष्टमंडळ २००७ साली पाकिस्तानातले तुरुंगसुद्धा बघून आलं. शिकलेल्या, देशभर नाव असलेल्या बाईला जिथे हे चुकलं नाही तिथे आमची आजी तर अडाणीच. देह समोर आला नाही की मन हिशेब बंदच करत नाही, एवढंच.

आता लग्नाचं. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण पत्र लिहायचं कारण हेच आहे.

७३ साली आईच्या माहेरचे आले, की पोरगी वीस वर्षांची आहे, आम्ही घेऊन जातो, आमच्यात पाट लावायची म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करायची पद्धत आहे, कुठेतरी बघू. आबा म्हणाले न्या, पण नात राहील. आई म्हणाली पोरीला सोडून मी जाणार नाही. मग गावातले एक रिटायर सुभेदार होते त्यांनी आबांना नियम सांगितला. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसातून कागद आले होते, अलाहाबादहून पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम आला होता, त्यांनी सगळं वाचून दाखवलं. की विधवेने दुसरीकडे लग्न केलं तर तिची पेन्शन बंद. पण मयत जवानाच्या सख्ख्या भावाशी केलं आणि कुटुंबातच राहिली, तर चालू. म्हणजे बघा, दिल्लीत कोणीतरी साहेबाने नियम लिहिला आणि त्यात 'दीर' हा शब्द टाकला आणि आमच्या घरातलं लग्न ठरलं. मला त्या साहेबाचा राग नाही, त्याने चांगल्याच हेतूने लिहिलं असेल, पैसा घरात राहावा, पोरं उघड्यावर पडू नयेत. पण नियमात बाई कुठे आहे ते मला अजून सापडलं नाही. घर आहे, वारस आहेत, भाऊ आहे. बाई कुठाय?

हा नियम काही फक्त जुन्या काळातला नाही हे पण सांगतो. शौर्यपदकासोबत जो मासिक भत्ता मिळतो त्यालाही हीच अट होती, की विधवेने लग्न केलं तर भत्ता बंद, पण नवऱ्याच्या भावाशी केलं तर चालू. ही अट सरकारने काढली कधी, तर १६ नोव्हेंबर २०१७ ला. भारताचं यान मंगळाजवळ पोहोचून तीन वर्षं झाली होती. बाकी पेन्शनचे नियमही आता बरेच बदललेत, बदलतायत, चांगलं आहे. पण आमच्या आईची पिढी दीर ह्या एका शब्दावर गेली.

माझ्या वडिलांचं पण बघा ना. एकवीस वर्षांचा पोरगा, तोसुद्धा भरतीला जाणार होता, पळायची प्रॅक्टिस चालू होती, आजीने पाय धरले म्हणून राहिला. ज्या बाईला तो वहिनी म्हणत होता, जिला वाकून नमस्कार करत होता, तिच्याशी लग्न कर म्हणून घरातले मागे लागलेले. मला बरीच वर्षं वाटायचं की दोघांनाही कोणी विचारलं नाही, ढकललं. तसंच मी सांगत पण फिरायचो. वडील गेल्यावर एकदा आईच म्हणाली, न्हाय, ह्यांनी इचारलं होतं. विहिरीवर. "वैनी, तुमचं मन नसंल तर मी उद्याच्या गाडीनं मुंबईला निघून जातो, मग कोण काय बोलायचं न्हाय." मी विचारलं मग तू काय म्हणालीस? तर म्हणाली, "मी म्हटलं म्हशीची धार काढायची राहिलीय, उद्या बोलू."

उद्या काही बोलणं झालं नाही म्हणे. पण ते मुंबईला गेले नाहीत आणि तिने जा म्हटलं नाही. १९७४ ला लग्न झालं, देवळात, दहा माणसं. वाजंत्री नाही. गुलाल तर नाहीच.

लग्नानंतर वडिलांना तिला हाक काय मारायची हेच कळेना. वहिनी म्हणता येईना, नाव घेता येईना. पहिली काही वर्षं ते काहीच म्हणायचे नाहीत, नुसतं येऊन उभे राहायचे, आई समजायची की चहा पाहिजे. मी झाल्यावर सुद्धा त्यांनी कधी माझ्या नावाने 'अमक्याची आई' म्हटलं नाही. "आक्कीची आई" म्हणायचे. शेवटपर्यंत. आक्काचा बाप आपला भाऊ आहे हे ते विसरले नाहीत, आणि आक्का आपली नाही असं त्यांनी एक दिवस वाटू दिलं नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं जमवलं मला माहीत नाही. मला जमलं नसतं. आक्काच्या लग्नात पत्रिकेवर काय छापायचं हा वाद झाला तेव्हा त्यांनी प्रेसवाल्याला स्वतः सांगितलं, वर दादाचं नाव, मागे कै. लावा, आणि माझं खाली निमंत्रकात टाका. भाऊबंद म्हणाले कन्यादान तर तुम्ही करताय. ते म्हणाले नाव त्याचं, काम माझं.

ती जर्सी त्यांनी वापरली. ऊसाला पाणी द्यायला लाईट रात्रीची असायची, थंडीत ते ती जर्सी घालून जायचे. एकदा पहाटे परत येताना आजी अंगणात होती, धुकं होतं, तिने लांबून जर्सी बघितली आणि थोरल्याच्या नावाने हाक मारली आणि पळत गेली. जवळ गेल्यावर कळलं. आई सांगते की त्या दिवशी आजीने घरात येऊन आईचं कुंकू बघितलं, करंडा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, आता ह्याच्या नावानं लाव. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाकी आजीने थोरल्याचा विषय परत काढला नाही.

११ डिसेंबरला दरवर्षी शेजारच्या गावचे एक हवालदार यायचे, काकांच्याच पलटणीतले. त्यांच्यामुळे आम्हाला कळलं काय झालं ते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली होती, ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून, कमांडिंग ऑफिसर कर्नल ब्रार. आपल्या बाजूचे ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. आणि त्याच रात्री, १० आणि ११ च्या मधल्या, ते वेढा फोडून ढाक्याकडे निघाले ते थेट ह्यांच्या खंदकांवर आले, लाटेवर लाट. रात्रभर चाललं. समोरच्यांची दोनशेच्या वर माणसं पडली आणि सकाळी जमालपूर पडलं. हवालदार हे सगळं सांगायचे, हाताने रस्ता काढून दाखवायचे, इथे खंदक, इथे मशीनगन, पण काकांपर्यंत आले की "ते पहाटे गेले" एवढंच म्हणायचे आणि चहाचा कप बशीत पालथा करायचे. वडील त्यांना दर वर्षी एकच प्रश्न विचारायचे, थंडी होती का? ते म्हणायचे, होती. बस. दोघं गप्प बसायचे.

वडील २०१८ ला गेले. भिंतीवर आता दोन फोटो आहेत. डावीकडे युनिफॉर्ममधले तेवीस वर्षांचे ते आणि उजवीकडे टोपी घातलेले सहासष्ट वर्षांचे हे. भाऊ असून बाप-लेकासारखे दिसतात, धाकटा बाप आणि थोरला लेक.

२०२१ ला लढाईला पन्नास वर्षं झाली, स्वर्णिम विजय वर्ष म्हणून सगळीकडे कार्यक्रम झाले, तेव्हा एका पेपरचे (तुमचा नाही) पत्रकार आमच्याकडे आले होते. तरुण मुलगा, नम्र, आईच्या पाया पडला. आईला भिंतीखाली खुर्चीवर बसवलं आणि फोटो काढायला लागला आणि मग म्हणाला, काका, तो दुसरा फोटो जरा काढता का, फ्रेममध्ये दोन आले तर वाचक गोंधळतील. मी काढला. मला आजही त्याची लाज वाटते पण मी काढला, खिळ्यावरून उतरवून आतल्या खोलीत कॉटवर ठेवला. आई काही बोलली नाही. बातमी आली ती अशी, की अवघ्या दीड वर्षाच्या संसारानंतर त्यांनी उभं आयुष्य पतीच्या आठवणींवर काढलं. त्यात माझे वडील नाहीत. मी पण नाही, कारण मी असायचा असेल तर वडील असायला लागतात. आक्का होती, "एकुलती एक कन्या".

मी कात्रण आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "उभं आयुष्य आठवणीवर काढलं तर मग चव्वेचाळीस वर्षं भाकऱ्या कुणाला बडवल्या?" फोटो तोपर्यंत तिनेच परत लावला होता, खिळा जरा वर मारून.

मी असं म्हणत नाही की ज्यांनी लग्न केलं नाही त्यांचं कौतुक करू नका. ज्याचं त्याचं आयुष्य. आपल्याच जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ ला कुपवाड्यात गेले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन वर्षांत चेन्नईच्या अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडल्या. मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे पण २०२० ला तशाच सैन्यात अधिकारी झाल्या. काय जिद्द लागत असेल, मी तर वाचून थक्क झालो. दमयंतीबाई वाट बघत राहिल्या. आणि आमच्या आईने दुसरं लग्न केलं, भाकऱ्या केल्या, दोन पोरं वाढवली, सासू सांभाळली. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्यातली एक बाई दुसरीपेक्षा जास्त वीरपत्नी असं काही माप नसतं, आणि तुम्ही जेव्हा 'पुनर्विवाहाचा विचारही शिवला नाही' हे चौकटीत टाकता तेव्हा तुम्ही तसं माप लावता, कदाचित न कळत. ते माप मग गावात वापरलं जातं. मागच्या वर्षी माझ्याच गाडीत एक पंचविशीतली मुलगी बसली होती, नवरा सैन्यात होता तो गेलेला, दोन वर्षांचं पोरगं मांडीवर. पुढच्या सीटवरच्या दोन बायका तिला ऐकू जाईल असं बोलत होत्या, आता हिचं काय, पैसा मिळाला, उद्या दुसरा करून मोकळी. ती मुलगी पूर्ण घाटभर खिडकीबाहेर बघत होती. मला तिला काहीतरी सांगायचं होतं पण कंडक्टरने काय सांगायचं, मी तिकीट फाडून पुढे गेलो.

आणि सासू-सासऱ्यांचंही एक आहे, ते पण लिहितो. नेक्स्ट ऑफ किन म्हणजे लग्नाआधी आईबाप आणि लग्नानंतर बायको असा जो नियम आहे त्यावरून मध्ये टीव्हीवर बरीच भांडणं झाली, सून पैसे घेऊन गेली वगैरे. म्हाताऱ्या आईबापांची सोय झालीच पाहिजे, ती सरकारने वेगळी करावी, सुनेने लग्न न करणं ही त्यांची सोय नव्हे. आमच्या घरात तो प्रश्न आला नाही कारण सगळे एकाच छपराखाली राहिले, पण ते छप्पर आईने डोक्यावर धरलं होतं हे मला आता पन्नाशीत कळतंय.

२०२३ ला आक्काने आईला दिल्लीला नेलं, मी पण रजा टाकून गेलो. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं ते. त्यागचक्र म्हणून गोल भिंती आहेत, ग्रॅनाइटच्या विटा, एकेका विटेवर एकेक नाव, उद्घाटनाला २५,९४२ नावं होती. आम्हाला काकांचं नाव सापडायला अर्धा तास लागला. इंग्रजीत आहे, आईला वाचता येत नाही, आक्काने तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. आईने दोन्ही हात विटेवर ठेवले आणि बराच वेळ उभी होती. बावन्न वर्षांनी तिला हात लावायला काहीतरी मिळालं. मग पदराने वीट पुसली, जशी घरी फोटोची काच पुसते, आणि आजूबाजूच्या विटांकडे बघत मला म्हणाली, "आणि ह्यांचं कुठं असतंय?"

मी म्हटलं आई, ह्यांचं नसतं. ती म्हणाली बरं.

संपादक साहेब, डिसेंबरमध्ये तुम्ही परत पान काढाल. काढा. आमच्याकडे पत्रकार पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पत्ता पाकिटाच्या मागे आहे, एसटी दिवसातून तीनदा येते. फक्त त्याला आधीच सांगून ठेवा की भिंतीवर दोन फोटो आहेत, ह्या वेळी एकही खाली उतरणार नाही, फ्रेम मोठी घ्यावी लागेल. आणि माझं नाव छापू नका, गावात उगाच चर्चा नको.

आपला,
एक वाचक
जि. सातारा

ता. क. - पत्र टाकायच्या आधी आईला वाचून दाखवलं. लग्नाचा, विहिरीचा भाग तिने ऐकला, काही बोलली नाही. एकच दुरुस्ती सांगितली ती करून घ्यावी. दिवस ८८ नाहीत, ८९ आहेत. शेवटच्या दिवशी ते दुपारच्या गाडीने गेले, तो मी धरला नव्हता.